कितने आदमी थे, आणि कर्णे किती?

गेल्या अंकात लाउडस्पीकरच्या धंद्याविषयी लिहिताना एक वाक्य मी सहज टाकून दिलं होतं: ‘‘शोले’ अर्ध्या मुंबईने आधी ऐकला आणि मग पाहिला.’ त्यावर एवढी पत्रं आणि व्हॉट्सॲप आलेत की संपादकबाई म्हणाल्या, काका, या वेळी अख्खं सदर त्यालाच द्या. दिलं. अर्थिंग, वायरिंग आणि रात्री दहानंतरच्या परवानगीचे प्रश्न विचारणाऱ्यांनी महिनाभर कळ काढावी.

काका, मी २३ वर्षांचा आहे. ‘शोले’ सलग असा कधीच पाहिलेला नाही. तरी त्यातले पंचवीस-तीस डायलॉग पाठ आहेत, आणि ते कधी पाठ झाले ते आठवत नाही. हे कसं काय?
– एक वाचक, मुलुंड

तुझ्या बापालाही आठवणार नाही. त्याने ते त्याच्या बापाकडून घेतले, आणि आजोबांनी बहुतेक माझ्या कर्ण्यावरून.

त्या वेळी लालबागला माझा गाळा होता. दोन कर्णे, अहुजाचा ॲम्प्लिफायर, एक रेकॉर्ड प्लेअर, लाइट गेली तर बॅटरी. सत्यनारायण, बारसं, लग्न, गणपती, नवरात्र, निवडणूक, काहीही असो, कर्णे आमचे. ‘शोले’ लागला १५ ऑगस्ट १९७५ ला. गाण्यांची रेकॉर्ड पॉलिडोरची होती. ती मी आणली आणि लावली. चालली, पण ‘बॉबी’सारखी पोरं वेडी झाली असं काही नाही. लोक थिएटरातून येताना गाणी गुणगुणत नव्हते, डायलॉग मारत होते. हे कंपनीच्याही लक्षात आलं आणि त्यांनी नुसत्या डायलॉगची रेकॉर्ड काढली. ना गाणं, ना नाच. माणसं बोलतायत, घोडे पळतायत, गोळ्या सुटतायत. आमच्या धंद्यातल्या जुन्या लोकांनी कपाळाला हात लावला, हे कोण विकत घेणार म्हणून. ‘शोले’च्या सगळ्या रेकॉर्डी मिळून पाच लाखांवर खपल्या.

आता कानाची गोष्ट सांगतो, कारण तीच या सगळ्याची मेख आहे. पत्र्याच्या कर्ण्याला खर्ज झेपत नाही. ढोलकी, तबला, बेस गिटार, सगळं त्यात मरतं. उरतो तो मधला पट्टा, म्हणजे माणसाचा बोलण्याचा आवाज. त्यामुळे गाणं कर्ण्यावर निम्मं होतं आणि बोलणं दुप्पट. त्यातही भेदभाव आहे. अमिताभचा भारदस्त आवाज माझ्या कर्ण्यातून आला की नुसती घरघर व्हायची, लोक विचारायचे, ‘काय म्हणाला रे?’ आणि अमजद खान! सिनेमा बनत असताना त्याचा आवाज गब्बरला बारीक पडतो अशी कुरबुर झाली होती म्हणतात. अहो, तो बारीक, खरखरीत आवाज पत्र्याच्या कर्ण्यासाठीच घडवलेला होता! तीन गल्ल्या पलीकडे, दुसरी पाळी करून रात्री घरी निघालेल्या गिरणीवाल्यालाही ‘अरे ओ सांबा’ स्वच्छ ऐकू जायचं.

ज्यांच्याकडे तिकिटाचे पैसे नव्हते, ज्या बायकांना घरातून सवड नव्हती, त्या सगळ्यांनी ‘शोले’ असाच ऐकला. दहा दिवस, रोज संध्याकाळी, आरतीच्या आधी. आमच्या समोरच्या चाळीतल्या एक आजी हा सिनेमा न पाहता वारल्या, पण ‘तेरा क्या होगा कालिया’ त्या नातवाला अभ्यासावरून रोज ऐकवायच्या.

आणखी एक. गब्बरची वाक्यं मोजून बघ. कितने आदमी थे? कितना इनाम रखे हैं? तेरा क्या होगा? कब है होली? हा माणूस सारखे प्रश्नच विचारतो. प्रश्न विचारून तो थांबतो, आणि त्या थांबण्यात ऐकणाऱ्याला तोंड घालायला जागा मिळते. मंडपातली पोरं तेच करायची. रेकॉर्डवर ‘कितने आदमी थे?’ आलं की कालियाच्या आधी दीडशे पोरं ओरडायची, ‘दो, सरदार!’ गाणं लोक सोबत गातात, पण उत्तर द्यायला मिळालं की तो सिनेमा तुमचा स्वतःचा होतो. आज तुमच्या ग्रुपवर दोन दिवस कुणी काही टाकलं नाही की कुणीतरी हटकून लिहितंच ना, ‘इतना सन्नाटा क्यों है भाई?’ तोही प्रश्नच. आंधळा, म्हातारा इमाम विचारतो तो. मुलगा मेलाय आणि गावात कुणाची सांगायची हिंमत नाही, म्हणून तो सन्नाटा आहे. सिनेमात त्या जागी घशाला आवंढा येतो आणि ग्रुपवर हशा. तुकडा मुळापासून सुटून फिरायला लागला की असंच होतं. पण तू एकदा सलग बघच. ते वाक्य तुला पुन्हा ग्रुपवर टाकवणार नाही.

रेकॉर्डमुळे कधी फजिती झाली का?
– एक वाचक, काळाचौकी

दोनदा. सांगण्यासारख्या दोनच.

पहिली एका लग्नात. जेवणाच्या पंगती चालल्या होत्या, सनईची रेकॉर्ड संपली, आणि माझ्या हाताखालच्या पोराने हौसेने ‘शोले’ लावला. नेमका जय मौसीकडे वीरूची सोयरीक घेऊन जातो तो प्रसंग. मुलगा तसा चांगला आहे, जुगारात हरतो हे खरं. जुगारात दारू होतेच, दारू प्यायल्यावर पाय तिकडे वळतात, त्यात त्याचा काय दोष! वधूपक्षाची एक अख्खी पंगत हातातली जिलबी तशीच धरून वरपक्षाकडे बघायला लागली. वरमाय तरातरा माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, ‘हे आमच्याबद्दल आहे का?’ ठरलेल्या पैशांतले वीस रुपये त्या दिवशी कापले गेले.

दुसरी सत्यनारायणाला. पूजा उरकली, रेकॉर्ड लावली आणि मी चहाला गेलो. सुई चरात अडकली. ‘कितने… कितने… कितने…’ मी परत येईपर्यंत गुरुजी दक्षिणेचं पाकीट हातात धरून कर्ण्याकडे संशयाने बघत उभे होते.

माझे वडील म्हणायचे, त्यांनी ‘शोले’ मिनर्व्हाला सतरा वेळा पाहिला. तो तिथे पाच वर्षं चालला हे खरं की दंतकथा? आणि मिनर्व्हा नेमकं कुठे होतं? मला ते आठवत नाही.
– एक वाचक, गिरगाव

ताई, खरं आहे. पाच वर्षांच्या वर. पहिली तीन वर्षं रोजच्या खेळांना आणि मग दोन वर्षं मॅटिनीला. मिनर्व्हा लॅमिंग्टन रोडला, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावर होतं. ग्रँट रोड स्टेशनला उतरून चालत जायचं. आता ते थिएटर उरलेलं नाही. हा विक्रम पुढे मराठा मंदिरला ‘दिलवाले दुल्हनिया’ने मोडला, २००१ साली.

मी स्वतः तिथे सहा वेळा गेलो. सतरा वेळा जायला तुमच्या वडिलांकडे माझ्यापेक्षा जास्त पैसे किंवा कमी काम असणार! पहिल्या वेळी मी सिनेमा बघायला गेलोच नव्हतो, आवाज ऐकायला गेलो होतो. सत्तर एमएमचा पडदा आणि स्टिरिओफोनिक साउंड, ही आमच्या धंद्यात चर्चेची गोष्ट होती. जयने नाणं उडवलं, ते खणकन पडलं, आणि माझ्या शेजारचा गृहस्थ वाकून खुर्चीखाली बघायला लागला. मी हसलो नाही. माझाही पाय आपोआप बाजूला सरकला होता. गब्बर पहिल्यांदा येतो तेव्हा त्याचं तोंड दिसतच नाही. बूट दिसतात आणि हातातला पट्टा खडकावर खरडत येतो. तो आवाज आधी. पन्नास वर्षं मी लोकांना सांगतोय, व्हिलनची एंट्री कानातून करायची हे आपल्याकडच्या सगळ्यांना या एका पट्ट्याने शिकवलं. नंतरच्या सिनेमांत बघा: व्हिलन येतो, पण आधी काठी, साखळी, अंगठी, काहीतरी वाजतं.

पैज लागली आहे. सांबाला एकच डायलॉग आहे ना?
– एक वाचक, भांडुप

पैज हरलात. ‘पूरे पचास हजार’ सगळ्यांना माहीत आहे, पण पत्ते कुटताना तो जंगाला चिडीची राणीसुद्धा सुनावतो. तरी तीन शब्दांवर मॅकमोहनला जन्मभराची ओळख मिळाली हे खरंच. समोरच्याला म्हणावं, अर्धे पैसे दे.

बातम्यांत नेहमी येतं, ‘पाण्याच्या टाकीवर चढून शोले स्टाईल आंदोलन’. याची सुरुवात सिनेमानेच केली का? आणि पोलिसांना याचा वैताग येत नसेल?
– एक वाचक, परळ

पोलिसांना येतच असणार. अग्निशमन दलाला त्याहून जास्त, कारण शेवटी वर चढावं त्यांनाच लागतं.

गंमत बघा. सिनेमात वीरू टाकीवर चढतो तो दारू पिऊन, आणि मागणी काय, तर बसंतीशी लग्न. मौसी हो म्हणते, तो उतरतो, खेळ खलास. पूर्ण विनोदी प्रसंग. पण आपल्या महाराष्ट्रात टाकीवर कोण चढतं? ज्याची जमीन गेली तो, पगार थकलेला शिक्षक, गावाला पाणी नाही म्हणून त्याच कोरड्या टाकीवर चढलेला सरपंच. मराठी पत्रकारांनी त्याला ‘वीरूगिरी’ असा शब्दही करून टाकलाय. मला हा शब्द आवडत नाही. त्या माणसाच्या मागणीत हसण्यासारखं काही नसतं, मथळ्यात मात्र तो विनोदी होतो. पण हेही कबूल करतो, की टाकीवर चढल्याशिवाय त्याची बातमी होत नाही, हे त्याला वीरूनेच शिकवलंय. खाली गर्दी जमते, सगळे माना वर करून बघतात, आणि ज्याच्या हातात हो म्हणायचं असतं त्याला सगळ्यांसमोर हो म्हणावं लागतं. ही युक्ती सलीम-जावेदनी लग्नासाठी लिहिली, लोकांनी ती सातबाऱ्यासाठी वापरली.

हे पडद्यावरून खाली उतरणं मी डोळ्यांनी पाहिलंय, टाकीच्या फार आधी. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर. त्या दिवसांत माझे कर्णे गेटमीटिंगला असायचे. भाडं मिळेलच अशी खात्री नसायची आणि मी मागायचोही नाही. एका गेटवर युनियनचा एक पोरगा बोलायला उभा राहिला. पहिल्यांदाच बोलत होता, माइक हातात थरथरत होता. दोन वाक्यं झाली आणि गाडी अडली. समोर हजारभर माणसं गप्प. मग त्याने डोळे मिटले आणि म्हणाला, ‘जो डर गया…’ पुढचं हजार जणांनी मिळून म्हटलं. माझ्या मीटरचा काटा पार लालपर्यंत गेला. खलनायकाचं वाक्य आहे ते, स्वतःच्याच तीन माणसांना गोळ्या घालताना म्हटलेलं! पण त्या गेटवर ते कुणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही, घरी येऊन जेवायला बसेपर्यंत.

माझा मुलगा सातवीत आहे. स्नेहसंमेलनात त्याला गब्बर व्हायचंय, ठाकूर नको, जय नको. खलनायक मुलांना इतका का आवडतो? मला शिक्षिका म्हणून काळजी वाटते.
– एक वाचक, विलेपार्ले

बाई, काळजी सोडा, पट्टा तेवढा खऱ्या चामड्याचा देऊ नका. शेजारच्या मुलाला लागतो.

हे तुमच्या मुलापासून सुरू झालेलं नाही. सिनेमानंतर थोड्याच काळात अमजद खानला गब्बरच्याच वेषात बिस्किटाच्या जाहिरातीत आणलं. ब्रिटानिया ग्लुकोज-डी, ‘गब्बर की असली पसंद’. विचार करा, गावं जाळणारा, लहान पोराला गोळी घालणारा डाकू, आणि त्याच्या हातून मुलांना बिस्कीट! आणि ती जाहिरात चालली. बिस्कीट विकायला तोवर गोंडस बाळं लागायची. तिथून पुढे गब्बर भीतीचा राहिलाच नाही, घरचा झाला. क्रिकेटमध्ये शिखर धवन ‘गब्बर’. जीएसटी आला तर विरोधकांनी त्याला ‘गब्बर सिंग टॅक्स’ म्हटलं. तेलुगूत पवन कल्याणचा ‘गब्बर सिंग’ नावाचा सिनेमा आला, त्यात गब्बर चक्क पोलीस! हिंदीत अक्षय कुमारचा गब्बर भ्रष्टाचाऱ्यांना पकडणारा. ठाकूरच्या नावावर कुणी सिनेमा काढला? कुणी बिस्कीट विकलं?

कारण काय विचाराल तर माझं उत्तर पुन्हा तेच. बोलायला मजा येते. अमजदने त्याला खडी बोली आणि अवधीची अशी मिसळ दिली की ती कुठल्याच एका गावची नाही, म्हणून कुणालाही जमते. आमच्या लालबागच्या पोरांचं हिंदी म्हणजे आनंदच, पण गब्बर बोलताना ते कुणाला खटकत नसे. ठाकूरची नक्कल करायची तर संजीव कुमारचा दाबून धरलेला राग लागतो, तो सातवीत कुठून आणायचा? मुलगा सोपी भूमिका निवडतोय, दुष्ट नव्हे. आणि हो, ही भूमिका आधी डॅनीकडे जाणार होती. तो ‘धर्मात्मा’साठी अफगाणिस्तानात गेला म्हणून अमजदला मिळाली. डॅनीचा आवाज माझ्या कर्ण्यावर कसा आला असता, याचा मी पुष्कळदा विचार केलाय.

सगळं हिंदीच हिंदी. ‘शोले’त मराठी माणूस कुठे आहे? आणि असा एखादा मराठी सिनेमा तुम्हाला आठवत नाही का?
– एक वाचक, दादर

पत्रातला राग पोचला. आता मोजा.

सिनेमाला त्या वर्षीचं एकच फिल्मफेअर मिळालं, ते संकलनाचं, आणि ते मिळालं एम. एस. शिंदे यांना. बाकी सगळे हात हलवत परतले. रामगढ हे गाव बंगळूरजवळ रामनगरच्या खडकांत उभं केलं ते कलादिग्दर्शक राम येडेकर यांनी. गाडीवरचा दरोडा मुंबई-पुणे मार्गावर पनवेलजवळ चित्रित झाला, म्हणजे त्या घोड्यांच्या टापांखालची मातीही आपलीच. इमामाचा मुलगा अहमद म्हणजे आपला सचिन पिळगांवकर. आणि कालिया म्हणजे विजू खोटे. शुभा खोटेंचा भाऊ, दुर्गाबाई नात्याने काकू. पडद्यावर काही मिनिटं, आणि २०१९ मध्ये ते गेले तेव्हा प्रत्येक मथळ्यात कालिया.

याच सचिनने १९८८ मध्ये ‘अशी ही बनवाबनवी’ केला. आठवतो की नाही, म्हणता? ‘धनंजय माने इथेच राहतात का?’ हे वाक्य माझ्या नव्या इमारतीच्या लिफ्टमध्ये आठवड्यातून एकदा तरी ऐकतो, विसाव्या मजल्यावरच्या पोरांकडून, जी तेव्हा जन्मलीही नव्हती. बघा, पुन्हा प्रश्नच! फरक एवढाच, की त्याला कर्ण्याची गरज पडली नाही. तोवर टीव्ही घरोघर होता, पुढे चॅनेलवाल्यांनी तो दर रविवारी दाखवून दाखवून पाठ करून घेतला. आता त्याची वाक्यं टी-शर्टवर येतात, मीममध्ये येतात. वसंत सबनिसांचे संवाद आहेत ते. सबनिसांचं नाव टी-शर्टवर नसतं, ही माझी तक्रार आहे. सलीम-जावेदनी निदान पोस्टरवर आपलं नाव भांडून लावून घेतलं. आमच्या मराठी लेखकांना भांडता येत नाही, आणि आलं तर आपसातच.

मूळ शेवट असलेला ‘शोले’ पाहिलात का? कसा वाटला?
– एक वाचक, बोरिवली

पाहिला. मूळ शेवटात ठाकूर खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला मारूनच टाकतो. आणीबाणीचे दिवस, माजी पोलीस अधिकारी कायदा हातात घेतो हे सेन्सॉरला चालेना, म्हणून पोलीस आणून शेवट बदलला. दुरुस्त केलेली प्रत जून २०२५ मध्ये इटलीत बोलोन्याला चौकात उघड्यावर दाखवली, मग डिसेंबरात आपल्याकडे आली. नातवाबरोबर गेलो.

खरं सांगू? शेवट बरोबर आहे, कथेला तोच हवा. पण माझा कान ऐकेना. पन्नास वर्षं त्या जागी पोलीस येतात आणि ठाकूरला अडवतात. या वेळी कुणी आलं नाही आणि मी खुर्चीत पुढे सरकून त्यांची वाट बघत राहिलो. नातू म्हणाला, ‘आजोबा, संपला.’ तरी मी बसलोच होतो.

ती डायलॉगची रेकॉर्ड तुमच्याकडे अजून आहे का? विकणार असाल तर किंमत सांगा.
– एक संग्राहक, फोर्ट

आहे. विकायची नाही. ‘कितने’वर अजून अडकते. ऐकायची असेल तर पाचनंतर या, दुपारी मी झोपतो. प्लेअरचा पट्टा तुटलाय, तो मिळाला तर घेऊन या.